‘निधी परत जाणार’ ही बातमी वाचून कार्यालयांत काय होते?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात आपल्या दैनिकाच्या जिल्हा पानावर ठळक बातमी होती. जिल्ह्याचा एवढा निधी अजून अखर्चित, ३१ मार्चपूर्वी खर्च झाला नाही तर परत जाणार, यंत्रणा ढिम्म. खाली चौकटीत विभागवार टक्केवारी. कोणत्या खात्याने नव्वदी गाठली, कोण चाळिशीतच अडकले आणि शेजारच्या जिल्ह्याने आपल्याला कसे मागे टाकले, सगळे शाळेच्या निकालासारखे मांडलेले. अशी बातमी दर मार्चला येते आणि सगळ्याच वर्तमानपत्रांत येते, त्यामुळे माझा राग तुमच्या एकट्यावर नाही. पण ही बातमी छापून आल्यावर दुसऱ्या दिवशी कार्यालयांत काय धावपळ उडते, ते मी नोकरीभर जवळून पाहिले आहे, म्हणून लिहिते आहे. पत्र लांबले आहे. कापायचे तर खुशाल कापा, फक्त पेव्हर ब्लॉकचा मजकूर तेवढा ठेवा.

मी स्थानिक निधी लेखापरीक्षा विभागातून निवृत्त झाले. कॅगचे नाव सगळ्यांना ठाऊक असते, आमचे कुणाला नसते. नगरपालिका, जिल्हा परिषदा, पंचायत समित्या यांचे हिशेब तपासायला राज्याच्या वित्त विभागाची जी माणसे जातात, ती आम्ही. यासाठीचा कायदा १९३० सालचा आहे. एसटीने तालुक्याला जायचे, पालिकेत कुठेतरी जिन्याखालच्या खोलीत टेबल मिळायचे, समोर व्हाउचरांचे गठ्ठे. “ऑडिटच्या बाई आल्यात” असा निरोप फिरला की चहा-फरसाण आधी यायचे आणि कॅशबुक नंतर.

गाव कुठलेही असो, मार्चची व्हाउचरे बाकीच्या महिन्यांच्या व्हाउचरांबरोबर एका गठ्ठ्यात कधी मावली नाहीत. एरवी अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, निविदा, कार्यारंभ आदेश, मोजमाप आणि मग देयक, या वाटेने जायला एखाद्या कामाला सात-आठ महिने लागतात. टेबलाटेबलावर फाईल मुक्काम करते. तीच फाईल मार्चच्या शेवटच्या पंधरवड्यात अशी धावते की बघत राहावे. मोजमाप पुस्तिका, म्हणजे एम.बी., हातात घेतली तरी कळते. जी खरोखर कामावर नेलेली असते तिच्या कडांना माती लागलेली असते, पाने दुमडलेली असतात, एका ठिकाणी निळी शाई तर दुसऱ्या ठिकाणी काळी, मध्येच खोडून सुधारलेला आकडा आणि त्यावर सही. मार्चमधली एम.बी. कोरी करकरीत असते. सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच पेन, एकच अक्षर, एका बैठकीत लिहिलेले. कामाची लांबी कधी ९९.७० मीटर भरत नाही, बरोबर १०० भरते.

आणि तरीही अशा बहुतेक कामांवर आम्हाला आक्षेप काढता येत नसे. कागद पुरे असत. तीन दरपत्रके असत (तिन्ही एकाच टायपिंगवाल्याकडची, पण असत). मान्यता असे, सही-शिक्का असे. वित्तीय नियमांत एक तत्त्व सांगितले आहे की, सरकारी पैसा खर्च करताना शहाणा माणूस स्वतःचा पैसा खर्च करताना जेवढी काळजी घेतो तेवढी घ्यावी. खात्याच्या परीक्षेला आम्ही सगळ्यांनी ते पाठ केले होते. पण ‘हे काम मुळात हवे होते का?’ असा प्रश्न परिच्छेदात (अहवालातल्या आक्षेपाला आम्ही परिच्छेद म्हणतो) लिहिला की वरिष्ठ लाल रेघ मारत. बाई, नियमभंग दाखवा, मत नको. त्यांचेही चुकत नव्हते. अनुपालनात, म्हणजे आक्षेपाच्या उत्तरात, पालिका लिहून पाठवी, ‘नागरिकांच्या मागणीनुसार काम घेण्यात आले आहे, सबब परिच्छेद वगळण्यात यावा.’ आणि तो वगळला जाई. मागणी करणारे नागरिक कोण, हे विचारायची सोय नव्हती.

निवृत्तीनंतर मी स्वतः ‘नागरिक’ झाले, तेव्हा ती मागणी माझ्याच नावावर कशी केली जाते ते दिसले.

आमच्या गल्लीत चार-पाच वर्षांपूर्वी पेव्हर ब्लॉक बसवले होते. करड्या रंगाचे, साधे, मजबूत. एका फाटकाशी टँकर वळून वळून पाच-सहा हलले होते, बाकी फरशी जागची हलली नव्हती. गेल्या वर्षी मार्च लागला आणि एका सकाळी जेसीबी येऊन उभा राहिला. आम्ही दोघी-तिघी बाहेर आलो. विचारले, काय काम आहे? मुकादम म्हणाला, “नवीन गट्टू बसवायचेत, काकू.” अहो पण हे चांगले आहेत की. “ते बरोबर आहे, पण वरनं काम आलंय. आणि बिल एकतीसच्या आत लागलं पाहिजे, नाहीतर ठेकेदार आमचे पैसे देताना हात आखडणार.” त्याच्याशी भांडण्यात अर्थ नव्हता. तो त्या साखळीतला सगळ्यात शेवटचा माणूस.

मी घरातून टेप आणला. सवय जात नाही. निघालेला जुना ब्लॉक ८० मिलीमीटर जाडीचा होता, नवा ६० चा. जुना करडा, नवा लाल-पिवळा. खाली कच पसरून ती दाबून मग ब्लॉक बसवायला हवेत. इथे घमेल्याने कच शिंपडली आणि वर ब्लॉक मांडत गेले. दुपारी साहेब मोटारसायकलवरून आले, मोबाइलवर चार फोटो काढले आणि गेले. हल्ली जिओ-टॅग फोटो लागतो. त्या फोटोत तारीख, वेळ, अक्षांश-रेखांश सगळे बिनचूक उमटते. गट्टूखाली काय आहे ते उमटत नाही.

चांगले जुने ब्लॉक ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भरून नेले. कुठे नेले? नियम असा की रस्त्यातून, इमारतीतून निघालेले जुने साहित्य नोंदवहीत घ्यायचे, वापरण्याजोगे असेल तर वापरायचे, नाहीतर लिलाव करून पैसे जमा करायचे. हजारो ब्लॉक होते. मी दहा रुपयांचे कोर्ट फी स्टॅम्प लावून माहितीच्या अधिकारात त्या नोंदवहीच्या संबंधित पानाची प्रत मागितली. उत्तर आले, ‘सदर बाबतची नोंद कार्यालयीन अभिलेखात आढळून येत नाही.’ नोकरीत असते तर एवढ्या एका ओळीवर वसूलपात्र रकमेचा परिच्छेद निघाला असता. आता फक्त अपील करता येते, ते केले आहे.

कामाचे अंदाजपत्रकही मिळाले. रक्कम ई-निविदेच्या मर्यादेच्या (जिच्यावर गेले की ऑनलाइन निविदा काढावीच लागते) जेमतेम खाली. पुढच्या गल्लीचे वेगळे काम, त्याचीही रक्कम जेमतेम खाली. त्याच्या पुढच्या गल्लीचेही तसेच. ठेकेदार तिन्हीकडे एकच. तुकडे पाडू नयेत असे प्रत्येक परिपत्रक सांगते. कागदावर तुकडे पाडलेलेच नाहीत, गल्ल्याच वेगवेगळ्या आहेत!

आणि मे महिन्यात पाणीपुरवठा विभागाने त्याच गल्लीत चर खणला, नवी पाइपलाइन टाकायला. ते काम आदल्या वर्षीपासून मंजूर होते. बांधकाम आणि पाणीपुरवठा हे दोन विभाग एकाच इमारतीत, एकाच मजल्यावर बसतात. मध्ये एक पाण्याचा कूलर आहे. चर बुजवला, वर ब्लॉक कसेबसे परत मांडले, पहिल्या पावसात ते खचले. खचलेले दुरुस्त करण्याचे काम यंदाच्या यादीत आहे.

आता कुणी म्हणेल की हा भ्रष्टाचार आहे, त्यात नवे काय? असेलही. टक्केवारी कुणाला किती गेली हे मला माहीत नाही आणि पुराव्याशिवाय मी बोलणार नाही, ती आमच्या धंद्याची शिस्त आहे. पण माझा अनुभव असा की निव्वळ चोरीपेक्षा मोठी रक्कम या धांदलीत जाते, आणि त्यात प्रामाणिक माणसेही सामील होतात. कारण त्यांचे मोजमाप एकाच गोष्टीवर होते. खर्च किती टक्के झाला? जिल्हा नियोजनच्या बैठकीत पालकमंत्री तेच विचारतात, जिल्हाधिकारी तेच विचारतात, मंत्रालयातून दूरदृश्य बैठकीत तेच विचारतात आणि मार्चमध्ये तुमचे वर्तमानपत्र तेच छापते. कामाचा दर्जा सांभाळून वीस टक्के वाचवणारा अभियंता त्या चौकटीत ‘नापास’ असतो. ज्याने चांगला रस्ता उखडून शंभर टक्के गाठले, तो पहिला!

माझी भाची जिल्हा परिषदेच्या शाळेत मुख्याध्यापिका आहे. शाळेच्या एका खोलीचे छप्पर गळते. गळते ते जूनमध्ये कळते, तेव्हा खात्यावर पैसे नसतात. अनुदान येते मार्चच्या शेवटच्या आठवड्यात, आणि सोबत निरोप की, एकतीसच्या आत खर्च करा, न झाल्यास परत घेतले जाईल आणि जबाबदारी तुमची. चार दिवसांत गवंडी मिळत नाही, कौले बदलून होत नाहीत. लोखंडी कपाट मात्र एका फोनवर येते. म्हणून शाळेत तीन कपाटे आहेत, त्यातल्या एकात फक्त खडू आहेत आणि पावसाळ्यात गळतीखाली बादली ठेवतात. तिने पैसे उधळले म्हणायचे का? तिने तर सगळे नियम पाळले. ही उधळपट्टी तिच्या शाळेत झाली, पण ती घडवणारा निर्णय वर कुठेतरी झाला, जिथे जूनमध्ये सोडता आला असता तो पैसा नऊ महिने अडवून धरला गेला.

मंत्रालयातही हेच. ३१ मार्चला एका दिवसात ढिगाने शासन निर्णय निघतात. रात्री उशिरापर्यंत बीम्स या निधी वाटपाच्या सरकारी संगणक प्रणालीवर निधी पडत राहतो, तालुक्याच्या कार्यालयात लेखा लिपिक संगणकासमोर डोळे लावून बसलेला असतो, ‘बीडीएस (निधी मिळाल्याची पावती) निघाली का?’ म्हणून फोनवर फोन. पावती निघाली की देयक कोषागारात. रात्री अकराला मंजूर झालेला पैसा बाराच्या आत खर्च दाखवायचा, तर तो शहाणपणाने खर्च होणार कसा? मग काय करतात, तर तो उचलून दुसऱ्या खात्यात ठेवतात, पुस्तकात खर्ची पडतो आणि प्रत्यक्ष काम कधीतरी होते. पैसा ठरल्या कामावर खर्च झाल्याची उपयोगिता प्रमाणपत्रे वर्षानुवर्षे थकतात. कॅगच्या अहवालांत मार्चमधली ही गर्दी आणि ही थकलेली प्रमाणपत्रे दोन्ही पुनःपुन्हा येतात. विधिमंडळात अहवाल अधिवेशनाच्या शेवटच्या दिवशी ठेवला जातो, तुम्ही त्याची एक बातमी करता, आणि संपते.

नियम नाहीत असेही नाही. केंद्राच्या २०१७ च्या सामान्य वित्तीय नियमांत ६२ वा नियम स्पष्ट सांगतो की वर्षाच्या शेवटच्या महिन्यांत खर्चाची झुंबड उडणे हा आर्थिक औचित्याचा भंग समजला जाईल. केंद्राने मर्यादाही घालून दिली आहे. शेवटच्या तिमाहीत ३३ टक्क्यांपेक्षा आणि एकट्या मार्चमध्ये १५ टक्क्यांपेक्षा जास्त खर्च नको. आपल्या राज्याचा वित्त विभागही वर्षअखेर जवळ आली की फर्निचर, संगणक, झेरॉक्स यंत्रे, कार्यशाळा अशा खरेदीला आणि खर्चाला लगाम घालणारे परिपत्रक काढतो. परिपत्रक आले की कार्यालयांत पहिला प्रश्न कोणता पडतो, तर आपली खरेदी त्याच्या आधीच्या तारखेत बसते का?

आणखी एक गोष्ट वाचकांना माहीत नसते आणि अधिकारी ती सांगत नाहीत. प्रत्येक पैसा ३१ मार्चला परत जातच नाही. राज्याच्या खात्यांना अर्थसंकल्पात दिलेला निधी व्यपगत होतो, म्हणजे वर्ष संपताच हातचा जातो, हे खरे. पण नगरपालिकेचा स्वतःचा निधी, म्हणजे तुमची-माझी घरपट्टी आणि पाणीपट्टी, कुठेही जात नाही. १ एप्रिलला तो आरंभीची शिल्लक म्हणून कॅशबुकाच्या पहिल्या ओळीत उभा असतो. जिल्हा परिषदेला राज्याकडून आलेला बराचसा योजना निधी खर्च करायला पुढचे वर्षही मिळते. आमच्या गल्लीचे काम पालिकेच्या स्वतःच्या निधीतले होते. त्याला एकतीसची घाई कसली होती? घाईचे कारण तारखेत नव्हते. तारीख हे सोयीचे निमित्त होते, कारण मार्चमध्ये कुणी काही विचारत नाही, सगळे ‘एकदाचा खर्च होऊ दे’ म्हणत असतात.

हे फक्त गल्लीबोळात चालते असे नाही. २०११-१२ च्या राज्याच्या आर्थिक पाहणीने दाखवून दिले की दहा वर्षांत सिंचनावर सुमारे ७० हजार कोटी खर्च होऊन सिंचित क्षेत्राची टक्केवारी वाढली ती ०.१ ने. त्यावर श्वेतपत्रिका आली, सरकार हादरले, चौकशा झाल्या. खर्चाचा आकडा रुपयापर्यंत उपलब्ध होता, तेवढ्या खर्चातून पाणी कुठवर पोचले ते शोधावे लागले. मालवणला राजकोट किल्ल्यावर नौदल दिनासाठी ४ डिसेंबर २०२३ ला महाराजांच्या पुतळ्याचे अनावरण झाले आणि २६ ऑगस्ट २०२४ ला तो कोसळला. नऊ महिनेही झाले नव्हते. २०२५ मध्ये तिथे नवा पुतळा उभा राहिला. म्हणजे एकाच जागी, एकाच कामासाठी, सार्वजनिक पैसा दोनदा. कार्यक्रमाची तारीख आधी ठरते आणि काम तिच्यामागे फरफटत जाते, तेव्हा काय होते ते साऱ्या महाराष्ट्राने पाहिले.

२०२५ च्या जून महिन्यात विधानभवनात देशभरातल्या अंदाज समित्यांची परिषद झाली आणि पाहुण्यांना चांदीच्या ताटांत जेवण दिल्याच्या बातम्या आल्या. ताटे भाड्याची होती आणि चांदी नव्हे, चांदीचा मुलामा होता, असा खुलासाही झाला. सरकारी खर्चात काटकसर कुठे करता येईल हे सुचवणे हे अंदाज समितीचे कामच, त्यामुळे टीका व्हायलाच हवी होती. मीही वाचून हसले. पण खरे सांगू? त्या ताटांवर तुम्ही सगळ्यांनी जेवढी जागा खर्च केली, तिच्या दहाव्या हिश्श्याइतकी जरी प्रत्येक तालुक्यातल्या मार्चच्या देयकांना मिळाली असती तरी जास्त पैसा वाचला असता. ताट डोळ्यांत भरते. एका गल्लीचे ६० मिलीमीटरचे गट्टू कुणाच्या डोळ्यांत भरणार?

राज्याचा २०२५-२६ चा अर्थसंकल्प ४५ हजार ८९१ कोटींच्या महसुली तुटीचा होता. कर्ज नऊ लाख कोटींच्या वर. जलजीवन मिशनखाली गावोगावी नळपाणी योजना करणारे ठेकेदार देयके थकली म्हणून आंदोलने करत होते, कित्येक ठिकाणी टाकी बांधून झाली आणि पुढचे काम अडले. अशा वर्षात उखडायची गरज नसलेले उखडायला पैसा मिळतो. कारण तो वेगळ्या लेखाशीर्षाखाली, म्हणजे अर्थसंकल्पातल्या खर्चाच्या वेगळ्या सदराखाली असतो. या लेखाशीर्षातला त्या लेखाशीर्षात वळवता येत नाही, आणि आपले लेखाशीर्ष रिकामे करणे एवढेच ज्याच्या त्याच्या हाती.

दुसरी बाजूही लिहिते, नाहीतर तुमचे वाचक म्हणतील की बाईंना जिल्ह्याचा पैसा परत गेलेला चालतो. मुळीच चालत नाही. मागास तालुक्याचा परत गेलेला पैसा पुन्हा मिळत नाही, आणि यंदा खर्च केला नाही तर पुढच्या वर्षी तरतूदच कापतात, ही भीती खरी आहे. ज्या खात्याने दवाखान्याची इमारत मंजूर असून पायासुद्धा खणला नाही, त्याला झोडपलेच पाहिजे. पण त्याला सप्टेंबरमध्ये झोडपा. तेव्हा खणायला वेळ असतो. मार्चमध्ये झोडपलेत तर तो दवाखाना बांधणार नाही, त्या पैशातून दवाखान्याच्या नावाच्या कमानी उभारेल.

सुधारणा होतच नाही असेही मी म्हणणार नाही. पूर्वी जिल्हा परिषदेच्या वैयक्तिक लाभाच्या योजनांत शिलाई यंत्रे, सायकली, फवारणी पंप, ताडपत्र्या घाऊक खरेदी होत. मार्चमध्ये माल यायचा, लाभार्थी ठरायचे जुलैत. पंचायत समितीच्या गोदामात मी स्वतः शिलाई यंत्रे मोजली आहेत, खोकी न फोडलेली, दोन पावसाळे खाल्लेली. चाकाला हात लावला तर गंज हाताला यायचा. ५ डिसेंबर २०१६ च्या शासन निर्णयाने वस्तूऐवजी पैसे थेट लाभार्थ्याच्या बँक खात्यात द्यायचे ठरले आणि ती गोदामे बरीचशी ओस पडली. त्यातही अडचण आहे. आधी स्वतःच्या खिशातून वस्तू घ्या, पावती द्या, मग पैसे, आणि ज्या बाईला शिलाई यंत्राची खरी गरज आहे तिच्याकडे आधी घालायला पैसे कुठून असणार? तरी गंजणारी यंत्रे तर थांबली. एक नियम बदलला की एवढे होते. तसाच निधी वितरणाचा नियम बदलावा, शाळा आणि आरोग्य केंद्रांचे पैसे जूनच्या आत सोडावेत, अपूर्ण कामाचा निधी पुढच्या वर्षात त्याच कामासाठी आपोआप चालू राहावा, ही मागणी काही क्रांतिकारक नाही. लेखा खात्यातली माणसे हे वर्षानुवर्षे लिहून देत आली आहेत. त्या टिपण्या बहुधा कपाटात आहेत. (कपाटांची टंचाई नाही, हे वर आलेच आहे.)

आता आपल्याकडे एक मागणे आहे. मार्चमधली टक्केवारीची चौकट बंद करा असे मी म्हणत नाही, पण तिच्या शेजारी आणखी एक रकाना घाला. मार्च महिन्यात काढलेली देयके किती, आणि कशाची. ही माहिती गुप्त नाही. माहिती अधिकार कायद्याच्या चौथ्या कलमाप्रमाणे प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाने आपला अर्थसंकल्प आणि केलेल्या खर्चाचा अहवाल न मागता जाहीर करायचा असतो. पालिकेच्या संकेतस्थळावर त्या जागी माझ्या पाहण्यात कित्येक महिने ‘काम प्रगतिपथावर आहे’ एवढेच दिसते. तुमच्या वार्ताहराने विचारले तर कदाचित यादी निघेल, माझ्यासारखीने विचारले की तीस दिवस, मग वीस रुपयांच्या स्टॅम्पचे अपील, मग पुन्हा वाट.

गावाकडच्या वाचकांनाही सांगावेसे वाटते की ग्रामपंचायतीचा लेखापरीक्षण अहवाल मागा. प्रत पानाला दोन रुपयांनी मिळते. त्यातले शब्द जड असतात, पण ‘प्रलंबित परिच्छेद’ आणि ‘वसूलपात्र रक्कम’ एवढे दोन शोधले तरी पुरे. आमची माणसे उन्हातान्हात जाऊन ते परिच्छेद लिहितात. ते वाचणारा पहिला माणूस बहुतेक वेळा पुढच्या वर्षीचा लेखापरीक्षकच असतो.

सोबत माहिती अधिकारात मिळालेली आमच्या प्रभागातल्या गेल्या वर्षीच्या मार्चमधल्या कामांची यादी, तीन अंदाजपत्रकांच्या प्रती आणि जुन्या ब्लॉकबद्दलचे ‘नोंद आढळून येत नाही’ हे उत्तर जोडत आहे. यादीतली सगळी कामे एकाच प्रभागात आहेत, सकाळच्या फेरफटक्यात पाहून होतात. वार्ताहर आला तर मी बरोबर येईन. दोन कामे मला जागेवर सापडलेली नाहीत. एक ‘बसण्याची बाके बसवणे’ आणि दुसरे ‘चौक सुशोभीकरण, टप्पा २’. टप्पा १ कुठे आहे तेही विचारून घ्यावे. पहिल्या अपिलाची सुनावणी येत्या महिन्यात आहे, तारीख सोबतच्या कागदावर आहे.

आपली,
एक निवृत्त लेखापरीक्षक

(नाव, पत्ता व दूरध्वनी आपल्या माहितीसाठी वेगळ्या कागदावर दिला आहे, कृपया छापू नये.)